मागच्या खोलीतली शेगडी

४ फेब्रुवारी

आज घरात रक्त सांडलं, तेही दुधावरून.

माहेरी असताना मी रोज लिहायचे, लग्नानंतर सुटलं. आज फरशी पुसून झाल्यावर पेन शोधून काढलं. पुढे कधी वाचलं तर कळावं म्हणून सगळं नीट सांगते. खाली वर्कशॉप आहे. लोखंडी गेट, जाळ्या, जिन्याचे कठडे. ते दोघा भावांचं. दादा, म्हणजे माझे मोठे दीर, वेल्डिंग करतात. हे तयार माल लोकांकडे नेऊन बसवतात. वर आम्ही सगळे: सासूबाई, दादा, जाऊबाई, हे, मी आणि आमची चिऊ. स्वयंपाकघर एकच, गॅसची शेगडीही एकच. चार बर्नर, त्यातला एकच मोठा, आणि तो मी या घरात आल्यापासून जाऊबाईंच्या बापाचा.

आज चिऊची शाळा लवकर होती. मी त्यांचं दुधाचं पातेलं उचलून लहान बर्नरवर ठेवलं आणि मोठ्यावर कुकर चढवला. जाऊबाईंनी येऊन माझा कुकर उचलला आणि मोरीत ठेवला. मी म्हटलं, "हे काय?" त्या म्हणाल्या, "जागेवरची वस्तू जागेवर." माझा आवाज चढला, त्यांचा चढला. भांड्याला भांडं लागतंच, त्यात नवल काही नाही.

पण हे खालून आले. कुणाला काही विचारलं नाही. उकळतं दूध पातेल्यासकट भिंतीवर मारलं. जाऊबाई वेळेवर वाकल्या म्हणून बरं. दादा धावत आले तर ह्यांनी त्यांची कॉलर धरली आणि कपाटाच्या उघड्या दाराच्या कोपऱ्यावर त्यांचं डोकं आपटलं. भुवई फाटली. दादा वयाने मोठे, अंगानेही मोठे, पण त्यांनी हात उगारला नाही. नुसते भुवई धरून खाली बसले.

सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "चुली वेगळ्या करा. आजच्या आज."

फरशी मी पुसली. दूध आणि रक्त एकत्र झालं की रंग फार गोड दिसतो, लहान मुलींच्या फ्रॉकसारखा. हे लिहायला नको होतं, पण दिसलं ते दिसलं.

एक मात्र खरं. इतक्या वर्षांत या घरात माझ्या बाजूने पहिल्यांदा कुणीतरी उभं राहिलं.

६ फेब्रुवारी

मागची खोली आम्हाला मिळाली. आजवर तिथं रंगाचे डबे आणि गंजलेल्या बिजागऱ्या असायच्या. ह्यांनी सगळं एका सकाळीत खिडकीतून खाली फेकलं. एक डबा दादांच्या पायाशी फुटला. "चुकून," म्हणाले.

खोलीला खिडकी आहे, नळ आहे. मी ओट्याची जागा मापली. शेगडी कुठे, भांडी कुठे, चिऊने बसून अभ्यास कुठे करायचा. माझी स्वतःची शेगडी! सासूबाई बघून गेल्या. "घरोघरी मातीच्या चुली गं," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, "मातीची नाही, आई, चांगली काचेची घेणार आहे." त्या हसल्या नाहीत.

अडचण गॅसची. नळी पुढच्या स्वयंपाकघरातून येते आणि जोडणी दादांच्या नावावर. मला आच दिसलेली आवडते. आच दिसली की हाताला आपोआप कळतं, कमी कधी करायची, भांडं कधी उतरवायचं. पण हे म्हणाले, "त्याच्या नळीचा गॅस माझ्या घरात येणार नाही. विजेवरची घेऊ." विषय संपला.

९ फेब्रुवारी

आज शोरूमला गेलो. किती तऱ्हा! नुसत्या शेगड्यांची एक अख्खी भिंत. गळ्यात टाय बांधलेला एक विक्रेता होता, बोलायला मोठा गोड. इंडक्शन दाखवली. वर कागद ठेवला, कागदावर भांडं, पाणी उकळलं तरी कागद जळला नाही. मी तर टाळीच वाजवली. मग त्याने खिशातून चुंबक काढलं. "मॅडम, घरच्या भांड्यांच्या बुडाला हे लावून बघा. चिकटलं तर चालेल. अ‍ॅल्युमिनियम, पितळ, काच, काही चालणार नाही."

"म्हणजे आमची भांडी भंगारात टाकायची?" हे म्हणाले.

"तसं नाही सर..."

"मग कसं?"

तो बिचारा दुसऱ्या शेगडीकडे वळला. वर गुळगुळीत काळी काच, आत तारा. चालू केली की काचेखाली लाल गोल उमटतो, निखाऱ्यासारखा. कुठलंही भांडं चालतं. "फक्त एक लक्षात ठेवा मॅडम. बंद केली तरी काच बराच वेळ तापलेली राहते. हा बारीक लाल दिवा विझेपर्यंत हात लावायचा नाही. दिसायला थंड दिसते, तीच फसवते." मी म्हटलं, "आमच्या सासरच्या माणसांसारखी!" तो हसला, मीही हसले. मग मी त्याला पुष्कळ विचारलं: दूध उतू गेलं तर काचेवर चिकटतं का, जड कुकर ठेवला तर तडकते का, आच किती पायऱ्यांत कमी होते. तो मन लावून सांगत होता. सांगणारा असा असला की विचारणाऱ्यालाही हुरूप येतो.

तीच घेतली. निघताना ह्यांनी त्याच्याशी हात मिळवला. "छान समजावलंत," म्हणाले, आणि हात सोडेचनात. हसत होते. तो आधी हसला, मग त्याचा चेहरा पांढरा पडला, मग गुडघे वाकले. मला त्याच्या बोटांचा आवाज ऐकू आला. इतर गिऱ्हाइकं टीव्ही बघत होती.

बाहेर आल्यावर म्हणाले, "फार हसत होतीस."

पुढे कोपऱ्यावर त्यांनी मला आईस्क्रीम घेऊन दिलं. कप हातात देताना म्हणाले, "आता हस." मी हसले. त्यांचा जीव आहे माझ्यावर, फक्त दाखवायची रीत जरा आडदांड आहे.

१२ फेब्रुवारी

वायरमन येऊन गेला. शेगडी किती वीज खाते ते वाचून त्याने मान हलवली. "साहेब, खाली वेल्डिंगचं मशीन, वर ही. एकाच मीटरवर दोन्ही एकदम चालायची नाहीत. मेन ट्रिप होणार. एकतर वेगळी लाइन घ्या, नाहीतर शेगडी बदला."

हे म्हणाले, "तुला जोडायला बोलावलंय, अक्कल शिकवायला नाही."

त्याने जोडून दिली. जाताना मला म्हणाला, "वहिनी, खाली मशीन चालू असेल तेव्हा जरा सांभाळून." मी खाली बघत मान हलवली. दादांना सांगून वेळा ठरवता आल्या असत्या. पण दादांशी बोलायचं नाही असं घरात ठरलंय.

१४ फेब्रुवारी

पहिला स्वयंपाक! बटाटे, अंडी, कांदा घालून भात. काचेखाली गोल लाल झाला तेव्हा चिऊ ओरडली, "आई, सूर्य!" कुणी भांडं हलवलं नाही, कुणी नाक मुरडलं नाही. हे जेवताना म्हणाले, "बघ, राणीसारखी ठेवलीये तुला." खरंच वाटलं तसं.

१७ फेब्रुवारी

शेगडी बंद पडते. रोज. भात अर्धा शिजलेला असतो आणि लाल गोल काळा होतो. मग जिना उतरायचा, मेन वर करायचं, परत चढायचं. दादा खाली काच लावलेला मुखवटा वर सारून माझ्याकडे बघत उभे असतात. त्यांचं मशीनही बंद पडतं म्हणे, सांधा अर्धवट राहतो. असेल. पण मला वाटतं त्यांना बरोबर कळतं मी स्वयंपाकाला कधी लागते ते.

१९ फेब्रुवारी

कसं लिहू?

हे दुपारी जेवायला आले. भात कच्चा. "काय हे?" मी म्हटलं, "मी काय करू? एरवी दिवसभर लाइट जात नाही. मी स्वयंपाकाला उभी राहिले की बरोबर जाते. कुणीतरी मुद्दाम करतंय असं वाटतं."

एवढंच म्हटलं मी. नाव घेतलं नाही.

ह्यांनी ताट बाजूला सारलं. हात धुतले. टॉवेलला पुसलेसुद्धा, अगदी निवांत. मग खाली गेले. मला वाटलं बोलतील. मी जिन्यात अर्ध्यावर उभी होते. दादा एका गेटचा गज ऐरणीवर धरून सरळ करत होते. ह्यांनी त्यांच्या दुसऱ्या हातातला हातोडा काढून घेतला, जसा एखाद्या पोराच्या हातातून चमचा काढून घ्यावा तसा, आणि तोच हात ऐरणीवर दाबून त्यावर मारला. उजव्या. परत मारला. हातमोज्यातून काही दिसत नव्हतं, नुसता हातमोजा चपटा झाला होता.

दादा ओरडले तो आवाज माणसाचा नव्हता.

"आता दाब बटण," हे म्हणाले. "कुठल्या हाताने दाबतोस बघू."

२० फेब्रुवारी

दादांच्या हाताचं ऑपरेशन झालं. बोटं राहतील म्हणतात, पण मूठ वळेल की नाही सांगता येत नाही. डॉक्टरांनी विचारलं कसं झालं. सासूबाईच पुढे झाल्या. "गेट पडलं हातावर." दादांनीही तेच सांगितलं. जाऊबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

डॉक्टरांनी दोनदा विचारलं, कारण सासूबाईंना पहिल्यांदा ऐकू गेलं नाही. त्यांचा डावा कान गेलेला आहे. आमच्या लग्नाच्या आदल्या वर्षी त्या पायऱ्यांवरून पडल्या होत्या, तेव्हापासून. या घरात माणसं पडतात फार आणि वस्तूही.

माझ्यामुळे झालं का? मी नाव घेतलं नव्हतं.

२३ फेब्रुवारी

वर्कशॉप बंद आहे. शेगडी एकदाही बंद पडली नाही. आज मटण केलं, मऊ शिजलं. खाताना मनात आलं, बघ, म्हणजे तेच पाडत होते. मग वाटलं, मशीन बंद आहे म्हणून पडली नाही, एवढंच. दोन्ही खरं असू शकतं. मी पहिलंच धरून ठेवलं, त्यावर झोप लागते.

२७ फेब्रुवारी

जाऊबाई आल्या. मागच्या खोलीत त्या पहिल्यांदाच आल्या. हातात लोखंडी बत्ता. मी नुकतीच शेगडी बंद केली होती.

"माझ्या माणसाचा हात गेला," त्या म्हणाल्या, "आणि तू इथे मटण शिजवतेस?"

मी म्हटलं, "मी काय केलं?"

त्यांनी बत्ता काचेवर मारला. काच फुटली नाही, कोपऱ्याला टवका उडाला. परत उगारला. मी त्यांचे केस धरले. त्यांनी माझ्या दंडाला चावा घेतला, दात रुतले. इतकी वर्षं एका मोरीत भांडी घासली आम्ही, पण एकमेकींच्या अंगाला असा हात कधी लागला नव्हता. मी सगळा जोर लावून ढकललं. त्या ओट्यावर पडल्या आणि त्यांचा हात आडवा काचेवर गेला. लाल दिवा चालू होता.

मला दिसला तो दिवा. मी त्यांचा हात दाबून धरला.

किती वेळ, ठाऊक नाही. त्या ओरडल्या तरी धरला, एवढं ठाऊक आहे. वास आला तेव्हा सोडला.

त्या हात छातीशी धरून गेल्या. बत्ता इथेच राहिलाय. पुढच्या खोलीतून सासूबाईंनी विचारलेलं ऐकू आलं, "काय झालं?" आणि जाऊबाईंचा आवाज, "तेल उडालं."

ह्यांना कळल्यावर ते मोठ्याने हसले. "शाब्बास! माझी वाघीण!" माझी पाठ थोपटली. मला शिसारी आली, आणि त्यांचा हात पाठीवर होता तेवढा वेळ बरंही वाटलं.

३ मार्च

कामं खोळंबली म्हणून आजपासून हे स्वतः वेल्डिंगला बसले. त्यांचा हात त्यात बसलेला नाही, सांधे वेडेवाकडे येतात, गिऱ्हाइकं कुरकुरतात. अकराच्या सुमाराला मी शेगडी लावली. लाइट गेली.

हे वर आले. मी म्हटलं, "गेली वाटतं." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला पहिल्यांदा लख्ख कळलं: मशीन दादा चालवत होते तेव्हा पाडणारे दादा होते. आता मशीन हे चालवतात, म्हणजे पाडणारी मी.

"मी मशीनवर असताना ती चालू करायची नाही," म्हणाले.

५ मार्च

पहाटे उठून स्वयंपाक करून ठेवते, मशीन सुरू व्हायच्या आत. दुपारपर्यंत गार गोळा. आज त्यांनी भाताचा घास तोंडात घेतला, परत ताटात थुंकला आणि ताट माझ्या तोंडावर मारलं. स्टीलची कड ओठाला लागली. दात हलतोय.

गरम केलं तर मशीन बंद पडतं. नाही केलं तर गार. मी शांतपणे विचारलं, "मग कधी करू, तुम्हीच सांगा." त्यावर जे झालं ते माझंच चुकलं, तो विचारायचा सूर नव्हता. ते दिवसभर आगीपुढे वाकून बसतात, ठिणग्या अंगावर घेतात. मग घरी आल्यावर सूर ऐकून घ्यायचे?

चिऊला शाळेत सांगायला सांगितलं की आईला दार लागलं.

८ मार्च

आज धीर करून पुढच्या स्वयंपाकघरात गेले. डाळीचं पातेलं आणि भात घेऊन. जाऊबाई गॅसपुढे उभ्या होत्या, हाताला मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी. माझा ओठ बघितला. डोळ्याखालचं बघितलं. मी म्हटलं, "नुसतं गरम करून घेऊ का? ते यायच्या आत."

त्यांनी मोठ्या बर्नरवरचं आपलं पातेलं उचललं, डाव्या हाताने, आणि बाजूला सरकल्या.

मी पातेलं ठेवलं. डाळीला उकळी आली. निळी आच बघून मला रडू फुटलं. त्या म्हणाल्या, "करपेल. हलव."

ह्यांनी आज पोटभर खाल्लं. "गरम आहे," म्हणाले. बरं वाटलं.

१२ मार्च

डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षर लागणार नाही.

परवा दुपारी तो लवकर वर आला. मी पुढच्या स्वयंपाकघरात होते, भात गरम होत होता. तो दारात उभा राहिला. गॅसकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हणजे मी रोज त्याच्या घरचं खातोय?"

मी म्हटलं, "अहो, भात आपलाच आहे, फक्त आच..."

त्याने मला मनगटाला धरून फरफटत मागच्या खोलीत नेलं. मनगट तिथेच मोडलं, पण ते मला नंतर कळलं. कडी लावली नाही, एवढीच देवाची कृपा. ओट्याला पाठ टेकवून त्याने माझा गळा धरला. दोन्ही हातांनी. मी त्याच्या तोंडावर ओरबाडलं, त्याला काही लागतच नव्हतं. त्याचा चेहरा शांत होता. तोच चेहरा, जिन्यातून बघितला होता तो. कानात समुद्रासारखा आवाज आला. चिऊ दारात उभी दिसली, आणि मग दिसली नाही. मला वाटलं मी गेले.

ती जाऊबाईंकडे पळाली होती.

जाऊबाई ओरडल्या नाहीत, थांब म्हणाल्या नाहीत. लोखंडी तवा घेऊन आल्या आणि त्याच्या खांद्यावर मारला, मग मानेवर, मग तो वळला तेव्हा तोंडावर. नाक फुटलं. तो त्यांच्या अंगावर धावला आणि भाजलेला हातच त्याने पकडला, पट्टीसकट पिळला. त्या किंचाळल्या पण तवा सोडला नाही. डाव्या हाताने गुडघ्यावर घातला. तेवढ्यात दादा आले आणि बांधलेला हात छातीशी धरून सगळ्या अंगाने त्याच्यावर आदळले. तिघंही खाली पडली. मी श्वास घ्यायला शिकत होते. चिऊ माझा पदर धरून "आई, उठ, आई, उठ" म्हणत होती.

समोरचा शिंपी आणि त्याची दोन माणसं आवाजाने वर आली. त्यांना बघून तो उठला, नाकातून रक्त गळत जिना उतरला आणि गेला.

१३ मार्च

मनगटाला प्लास्टर. गिळताना दुखतं. आवाज घोगरा झालाय, चिऊ म्हणते आई बेडूक झाली. आज पोलीस येऊन माझा जबाब घेऊन गेले. तो सापडलेला नाही.

दुपारी जाऊबाई माझ्या डोक्याला तेल लावत होत्या. एका हाताने, त्याही एकाच हाताच्या. मी म्हटलं, "मला वाटतं, तेव्हाच गॅसची घेतली असती तर हे काही झालं नसतं. नाहीतर वायरमन म्हणाला तशी वेगळी लाइन."

त्यांचा हात थांबला. "धाकटे, शेगडीचं काय घेऊन बसलीस?"

मला नीट कळलं नाही. शेगडीमुळेच तर सगळं झालं ना?

मग मी म्हटलं, "जाऊबाई, तुमचा हात..."

"त्याबद्दल बोलू नकोस. ते मी विसरलेले नाही आणि विसरणार नाही. मी पोरीसाठी आले होते." आणि परत तेल लावायला लागल्या, जरा जोरातच.

१५ मार्च

तो आज आला.

दुपारची वेळ. पुढच्या स्वयंपाकघरात सगळे होतो. जाऊबाई भात वाढत होत्या. जिन्यावर पाऊल वाजलं आणि चिऊ टेबलाखाली गेली. सांगावं लागलं नाही. दादांनी फोन उचलला. मी उठले, पण सासूबाई माझ्याआधी दाराशी पोचल्या. मला वाटलं उघडतात. इतकी वर्षं त्यांनी त्याच्यासाठी उघडलंच आहे. "धाकटा रागीट आहे, पण मनाचा साफ," हे मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल.

त्यांनी वरची कडी घातली, खालची घातली, आणि दाराला पाठ लावून जमिनीवर बसल्या.

"आई, उघड."

त्यांनी पाठ अजून घट्ट लावली.

"आई, मी आहे. दोन दिवस नीट खाल्लेलं नाही. भूक लागलीये गं."

सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला. त्यांचे खांदे हलत होते. उजवा कान दाराकडे होता, म्हणजे सगळं ऐकू येत होतं.

मग लाथ बसली. दार हादरलं, त्यांचं डोकं पुढे आलं आणि मागे आपटलं. परत लाथ. "थेरडे! तूच शिकवलंस यांना! जाळून टाकीन सगळ्यांना, शेगडीवर ठेवून भाजीन!" तो खाली गेला. मी म्हटलं, "आई, बाजूला या, तो काहीतरी आणायला गेलाय." त्यांनी नुसती मान हलवली. तो गज घेऊन आला. पहिल्या घावाला फळीला चीर गेली. तिसऱ्या-चौथ्याला फळी फुटली आणि गजाचं टोक आत आलं, सासूबाईंच्या खांद्याच्या मांसातून. त्यांच्या तोंडून "आई गं" निघालं. तरी हलल्या नाहीत. जाऊबाई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या, दाराला पाठ लावून. मग मी बसले. गज आत-बाहेर होत होता, लाकडाच्या चिपा केसांत पडत होत्या. माझ्या गालाला ओरखडा आला. प्रत्येक घाव पाठीच्या कण्यातून दातांपर्यंत जायचा. दादा टेबलापाशी पाठमोरे उभे होते, चिऊला झाकून, फोनवर पत्ता परत परत सांगत.

मग खाली गाडी थांबली. जिन्यावर पुष्कळ पावलं. झटापट झाली, कुणीतरी पायऱ्यांवर कोसळलं, गज घरंगळत खाली गेला. नंतर त्याचा आवाज, एकदम लहान मुलासारखा, "आई, तू सांग ना यांना! घरातलं भांडण आहे म्हणावं! आई, सांग!"

दार ठोठावलं. "पोलीस. उघडा."

सासूबाईंनी स्वतः उघडलं. खांद्यावरून रक्त कोपरापर्यंत आलं होतं. त्याला दोघांनी धरलं होतं, गाल भिंतीला दाबलेला. हवालदाराने विचारलं, "आजी, हा कोण तुमचा?"

"मुलगा."

"काय झालं इथे?"

त्यांनी त्याच्याकडे बघितलं. त्याने डोळे मोठे केले, मान किंचित हलवली. डॉक्टरांपुढे त्यांनी गेट पाडलं होतं. आता काय पाडतील याची मी वाट बघत होते.

"मोठ्याचा हात यानेच मोडला," सासूबाई म्हणाल्या. "सुनेचा गळा यानेच दाबला. माझा कानही यानेच फोडला. माझाच आहे. घेऊन जा."

त्याने मग काय काय शिव्या दिल्या ते लिहीत नाही. खाली गाडीचं दार लागेपर्यंत ऐकू येत होत्या.

दादांनी त्यांच्या खांद्याला कापड दाबून धरलं, उजवा हात चालत नाही म्हणून डाव्याने. जाऊबाईंनी चिपा गोळा केल्या. समोरच्या शिंप्याने डॉक्टरांकडे न्यायला रिक्षा आणायला माणूस पाठवला. ताटांतला भात गार झाला होता.

सासूबाई दाराच्या भोकातून जिन्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "तिथं त्याला जेवायला देतील का गं?"

मी जाऊबाईंकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे. मग त्याच म्हणाल्या, "देतील, आई. देतात."